'ट्रायबल' : एका विशेषणाचे कूळ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दृढीकरण संस्काराच्या तयारीसाठी आमच्या धर्मग्रामात मुलांचा वर्ग भरला होता. वर्गात अक्कलकुव्याकडचा एक मुलगा होता. तो वसतिगृहात राहून अकरावीत शिकतो, आणि इंग्रजी सुधारावे म्हणून मराठी बायबलशेजारी इंग्रजी बायबल उघडून बसतो. प्रकटीकरणाचा सातवा अध्याय चालू असताना त्याने मध्येच हात वर केला. मराठीत जेथे इस्राएलाचे 'वंश' आहेत, तेथे इंग्रजीत 'ट्राइब' आहेत. संत पौल स्वतःला बन्यामीन वंशातला म्हणवतो तेथेही 'ट्राइब'च आहे. मंदिरातील वृद्ध हन्ना आशेर वंशातली, तेथेही तेच. आणि प्रभू येशू तर यहुदा वंशाचा. मुलाने हे सर्व बोट ठेवून दाखविले आणि विचारले, "फादर, म्हणजे येशूही ट्रायबलच होता का?"

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि "पुढे वाचा" म्हणून वेळ मारून नेली. मात्र रात्री झोप लागेना. मुलाने प्रश्न थट्टेने विचारला नव्हता. शहरातल्या महाविद्यालयात हा शब्द त्याच्याकडे कोणत्या स्वरात फेकला जातो, हे आम्हांला ठाऊक होते. तोच शब्द त्याला पवित्र शास्त्रात, तोही मानाच्या जागी बसलेला आढळला होता, आणि त्याच्या धर्मगुरूने ते हसण्यावारी नेले होते. प्रस्तुत लेख हे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, गावित, कोकणी, तडवी, धानका हे सारे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. त्यामुळे 'ट्रायबल' हा शब्द आमच्याकडे इंग्रजी उरलेला नाही. ज्यांना इंग्रजीचे दुसरे अक्षर येत नाही, त्यांनाही तो येतो. 'ट्रायबलचे ऑफिस', 'ट्रायबलचे होस्टेल', 'ट्रायबलमधून नंबर लागला' असे आपण सहज बोलतो. इंग्रजी व्याकरणात हा शब्द विशेषण आहे. त्याच्यापुढे गाव, गीत, परंपरा असे काही विशेष्य हवे. आपल्याकडे विशेष्य गळून पडले आणि विशेषणच माणसाचे नाव होऊन बसले. 'तो ट्रायबल आहे' म्हटले की वाक्य पुरे होते. विशेषणाने नामाचे काम करावे यात मराठीला नवे काही नाही. आपण 'गरीब', 'शहाणा', 'आंधळा' असेच वापरतो. तरीही एखाद्याची सारी ओळख एकाच विशेषणात कोंबली जाते, तेव्हा ते विशेषण मुळात काय सांगत होते हे एकदा विचारून पाहावे.

सेमिनरीत शिकलेले आमचे तोडकेमोडके लॅटिन येथे कामी आले. 'ट्रायबल'च्या मुळाशी 'त्रिबुस' हा लॅटिन शब्द आहे. विद्यार्थिदशेत तो आम्हांला फार छळी, कारण 'तीन' या संख्येचे एक रूपही अगदी असेच होते. प्राचीन रोमी पंडित वारो याने या दोहोंचे नाते जोडले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रोमची भूमी आरंभी तीन भागांत विभागली होती, आणि त्या भागांवरून रामनेस, तितिएन्सेस आणि लुसेरेस अशी लोकांचीही तीन कुळे पडली. भाषापंडितांपैकी अनेक जण आजही हा 'तीन'चा संबंध ग्राह्य धरतात. पुढे रोम वाढले तशा या कुळांच्या जागी नव्या विभागण्या झाल्या, आणि ख्रिस्तपूर्व २४१ पर्यंत त्यांची संख्या ३५ झाली. पैकी ४ शहरातील आणि ३१ ग्रामीण होत्या.

आमचे खरे लक्ष वेधले ते यापुढील माहितीने. रोममध्ये 'त्रिबुस' ही बाहेरच्यांची, रानातल्यांची, मागासलेल्यांची ओळख नव्हती. ती नागरिकाची ओळख होती. मतदान 'त्रिबुस'वार होई. ज्याला 'त्रिबुस' नाही तो गुलाम किंवा परका. सभ्य रोमी गृहस्थ आपल्या पूर्ण नावात बापाच्या नावानंतर 'त्रिबुस'चे नाव घाली; थोर वक्ता सिसेरो 'कोर्नेलिया' या 'त्रिबुस'चा होता. त्यातही शहरी 'त्रिबुस' हलक्या समजल्या जात. मुक्त झालेल्या गुलामांना बहुधा त्यांत ढकलीत. प्रतिष्ठा होती ती ग्रामीण 'त्रिबुस'ची, जमीन कसणाऱ्यांची! आज तळोद्याच्या बाजारात उतरलेल्या डोंगरातल्या माणसाकडे पाहून नाक मुरडणाऱ्याला हे सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही.

या शब्दाचा परिवारही मोठा आहे. लोकांचा कैवारी अधिकारी तो 'ट्रिब्यून', तो बसे ती जागा 'ट्रायब्युनल'. आपल्या धर्मप्रांतात विवाहविषयक खटले चालविणाऱ्या मंडळाला आजही हेच नाव आहे. 'त्रिबुस'वार गोळा होणारा कर म्हणजे 'ट्रिब्यूट', आणि मिस्सेनंतर आपण ज्याची आठवण करून देतो ते 'काँट्रिब्यूशन'ही त्याच घरचे! मात्र 'ट्रिब्युलेशन', म्हणजे क्लेश, हा शब्द कानाला सारखा लागला तरी सोयरा नव्हे. तो खळ्यावर कणसे मळण्याच्या औजाराच्या नावावरून आला. असो.

संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचे लॅटिन भाषांतर हाती घेतले. इस्राएलाच्या बारा घराण्यांसाठी त्याने हाच सन्मानाचा, नागरिकत्वाचा शब्द निवडला. ग्रीकमध्ये त्या जागी 'फिले' होते. मूळ हिब्रूत मात्र 'शेबेट' आणि 'मत्ते' असे दोन शब्द येतात, आणि दोहोंचा मूळ अर्थ एकच आहे : काठी. घरच्या वडिलाच्या हातातील काठी, मेंढपाळाची काठी, अधिकाराची काठी. आणि त्या काठीमागे चालणारे सारे ते एक कूळ. गणनेच्या पुस्तकातील सतरावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना आठवेल की, मोशेने प्रत्येक कुळाकडून एकेक काठी मागविली, तीवर त्या कुळाच्या प्रमुखाचे नाव लिहिले आणि त्या बारा काठ्या परमेश्वरापुढे ठेविल्या. दुसऱ्या दिवशी अहरोनाच्या काठीला कळ्या, फुले आणि बदाम लागलेले दिसले. तेथे काठी म्हणजेच कूळ, हे हिब्रू वाचकाला वेगळे सांगावे लागत नसे.

हे वाचताना आमच्या मनात अर्थातच सातपुड्यातील काठी गाव आले. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी साऱ्या जिल्ह्याला परिचित आहे. उंच बांबू उभारून, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरू बांधलेले बावा आणि बुध्या रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. हिब्रू 'काठी' आणि आपली 'काठी' यांचा संबंध केवळ योगायोगाचा आहे, हे आम्ही जाणतो; त्यावरून कोणी सिद्धांत काढू नये. मात्र ही 'काठी' लेखात पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आपल्या मराठी भाषांतरकारांनी इस्राएलाच्या संदर्भात 'वंश' हा शब्द योजिला. तो भारदस्त आहे. रघूचा वंश, यदूचा वंश या परंपरेत तो शोभतो, आणि आम्हांला त्याबद्दल तक्रार नाही. तथापि तोच इंग्रजी शब्द सातपुड्यातील माणसांना लावायची वेळ आली, तेव्हा मराठीने 'जमात' हा शब्द काढला. 'जमात' अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ एकत्र जमलेला समुदाय असा निरुपद्रवी आहे. पण आपण तो कसा वापरतो? 'ही दलालांची जमातच तशी!' येथे 'वंश' कोणी म्हणत नाही. एकाच इंग्रजी शब्दाची मराठीत दोन भाषांतरे झाली : यार्देनेकाठच्यांना वंश आणि नर्मदेकाठच्यांना जमात. कोणी बसून कट केला असे आम्ही म्हणत नाही. भाषा आपोआप असे करते, आणि म्हणूनच ते अधिक बोचते. आमच्या त्या विद्यार्थ्याने दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणून ही फट त्याला दिसली. तीस वर्षे वेदीवरून तीच वचने वाचूनही आम्हांला ती दिसली नव्हती.

इंग्रजीत 'ट्राइब' शब्द तेराव्या शतकात फ्रेंचमधून उतरला, तो प्रथम बायबलच्या अर्थानेच, म्हणजे इस्राएलाच्या वंशांसाठी. 'ट्रायबल' हे विशेषण सतराव्या शतकातले. पुढे युरोपची गलबते जगभर गेली. ज्यांच्याकडे आपल्यासारखा राजा, किल्ला आणि कचेरी दिसली नाही, अशा सर्वांना हा शब्द सरसकट लावला गेला. एकोणिसाव्या शतकात मानवसमाजाची पायऱ्यांनुसार मांडणी करणारे विद्वान निघाले. अमेरिकेतील मॉर्गन यांनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत अशा पायऱ्या लावल्या. तेव्हापासून सुशिक्षितांच्या मनात 'ट्राइब' खालच्या पायरीवर जाऊन बसली. वास्तविक त्याच मॉर्गन यांनी अमेरिकेतील इरोक्वा लोकांची कुळव्यवस्था प्राचीन ग्रीस व रोमच्या कुळांशी ताडून पाहिली होती. लोकांनी पायऱ्या तेवढ्या लक्षात ठेवल्या.

आपल्या देशात १८७१ साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' आणला आणि काही समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. म्हणजे 'ट्राइब'च्या मागे आणखी एक विशेषण जोडले गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या लोकांना 'विमुक्त' हे नाव मिळाले. परंतु पोलीस पाटलापासून शाळामास्तरापर्यंत अनेकांच्या मनातून तो अजून पुरता रद्द झालेला नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७४ साली, चौदाव्या क्रमांकाचा एक कायदा झाला. तो आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असूनही येथे त्याची माहिती क्वचितच कोणाला असते. त्याचे नाव 'शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्ट'. जेथे सर्वसाधारण कायदे आपोआप लागू होणार नाहीत, सरकार ठरवील तेच लागू होतील, अशा प्रदेशांची यादी त्याला जोडली होती. मुंबई इलाख्याच्या यादीत पंचमहाल आहे, दूरचे एडनसुद्धा आहे, आणि त्यांच्या जोडीला खानदेशातील सहा मेवासी प्रमुखांची गावे आहेत. सरकारने ती प्रमुखांच्या पदांनी नोंदविली : काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा आणि नवलपूरचे पाडवी. इंग्रजी वर्णांत 'पाडवी'चे 'पार्वी' झाले आहे इतकेच.

ही सहा नावे आम्ही प्रथम वाचली तेव्हा आमच्यापुढे वसतिगृहाचे हजेरीपुस्तक उभे राहिले. पाडवी, वळवी, वसावे! रोज सकाळी प्रार्थनेनंतर हीच नावे पुकारली जातात. दिल्ली-मुंबईच्या कागदांत 'ट्राइब' असा एकच ढीग असला, तरी सातपुड्यात कुळे होती, कुळांचे प्रमुख होते आणि प्रमुखांची गावे होती. सरकारला यादी करताना त्यांचीच नावे घ्यावी लागली. १९३५ च्या कायद्यानंतर 'अंशतः वगळलेले प्रदेश' ठरले, त्यात नवापूर पेटा आणि अक्राणी महाल यांच्या जोडीला हे सहा प्रमुख पुन्हा आले. स्वतंत्र भारतात १९५० साली अनुसूचित क्षेत्रांचा आदेश निघाला, त्यातही पश्चिम खानदेशच्या नोंदीत तीच सहा घराणी आहेत. राज्य बदलले, राज्यघटना आली. यादीतील काठीचे पाडवी जागचे हलले नाहीत.

'शेड्यूल्ड' याही विशेषणाची थोडी चौकशी करावी. 'स्केदुला' म्हणजे लॅटिनमध्ये पपायरसचा, अर्थात कागदाचा, छोटासा तुकडा. चिठोरी म्हणा ना. मुख्य दस्तऐवजाला मागून चिठोरी जोडीत, ती 'शेड्यूल'. म्हणजे 'शेड्यूल्ड ट्राइब'चा अक्षरशः अर्थ 'चिठोरीवर नाव असलेले कूळ' असा होतो. मोशेच्या काळी कुळाच्या प्रमुखाचे नाव काठीवर लिहीत, आता कागदावर लिहितात. जात प्रमाणपत्रासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी ज्या पालकांनी आजोबांचा शाळेचा दाखला शोधत दोन-दोन जिल्हे पालथे घातले, त्यांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र त्या चिठोरीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यामुळे आपल्या कित्येक मुली परिचारिका आणि शिक्षिका झाल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

जनगणनेच्या अधिकाऱ्यांनीही आपल्या लोकांना दर दहा वर्षांनी नवे नाव देण्याचा जणू नेम केला होता. १८९१ साली ते 'वनातील कुळे' होते, १९०१ मध्ये धर्माच्या रकान्यात 'जडप्राणवादी' झाले, १९३१ मध्ये 'आदिम'. भिल्लांना स्वतःला काय म्हणवून घ्यावेसे वाटते, हा रकाना त्या कागदांत नव्हता.

तो प्रश्न घटना समितीत मोठ्याने विचारला जयपाल सिंग यांनी. ते रांचीकडचे मुंडा, ख्रिस्ती, ऑक्सफर्डला शिकलेले आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार. डिसेंबर १९४६ मध्ये ते समितीपुढे बोलायला उभे राहिले ते स्वतःला अभिमानाने 'जंगली' म्हणवून घेतच. लोकशाही आम्हांला शिकवू नका, ती आमच्यात पूर्वापार आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. 'आदिवासी' हा शब्द घटनेत यावा म्हणून ते झगडले. हिंदी भाषांतरातील 'वनजाती' त्यांना मुळीच मान्य नव्हता. डॉ. आंबेडकरांचे उत्तर कायदेपंडिताचे होते : 'आदिवासी' हा सर्वसामान्य शब्द आहे, त्याला कायद्याच्या दृष्टीने निश्चित मर्यादा नाही, हक्क द्यायचे तर ते कोणाला, याची यादी हवी. विचार करता आम्हांला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. हक्कांना यादी लागते आणि माणसाला नाव लागते. घटनेत यादी आली : हिंदीत 'अनुसूचित जनजाति', मराठीत 'अनुसूचित जमाती'. महाराष्ट्र शासनाच्या विभागाच्या पाटीवर मात्र 'आदिवासी' आला, आणि लोकांच्या तोंडीही तोच बसला.

जयपाल सिंग यांच्या त्या भाषणापूर्वी आठ वर्षे, १९३८ च्या सुमारास, तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराज नावाचे एक सत्पुरुष होऊन गेले. त्यांनी इंग्रजी शब्दकोश उघडला नव्हता आणि घटनाही तेव्हा जन्मली नव्हती. त्यांनी हजारो भिल्लांना दारू सोडायला, रोज स्नान करायला आणि आरतीला जमायला शिकविले. आणि एकमेकांना 'आप' म्हणायला सांगितले. सावकार, फौजदार, जमीनदार ज्याला 'अरे' आणि 'ए भिलटा' म्हणून हाक मारीत, त्याने शेजाऱ्याला, बायकोला, पोराला 'आप' म्हणावे! त्यांच्या पंथाचे नावच 'आप' पडले. त्यांची उपासना आपली नव्हे. पण नावात काय असते हे या जिल्ह्यात सर्वांत आधी त्यांनी ओळखले, हे मान्य करायला ख्रिस्ती धर्मगुरूला संकोच वाटू नये.

संकोच वाटावा असे आमच्या पदरी वेगळेच काही आहे. हा लेख लिहिताना आम्ही आमच्याच जुन्या अहवालांच्या प्रती काढून पाहिल्या. परदेशातील उपकारकर्त्यांना पाठविलेल्या त्या इंग्रजी पत्रांत पानोपानी 'गरीब ट्रायबल', 'अज्ञानी ट्रायबल', 'आमचे ट्रायबल' असे शब्द आढळले. हात आमचाच, सही आमचीच. एकाही पत्रात कोणाचे कूळ नाही. त्या पत्रांतून आलेल्या पैशांनी वसतिगृहाचे छप्पर झाले, हेही खरे. त्याच छपराखाली बसून त्या मुलाने प्रश्न विचारला होता.

पावसाळा सुरू झाल्यावर तो मुलगा परत आला तेव्हा आम्ही त्याला बोलावून घेतले आणि वर लिहिलेले सर्व जमेल तसे सांगितले. येशू यहुदाच्या कुळातला होता. इंग्रजीत त्याला 'ट्राइब'च म्हणतात. तेव्हा तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे हसणे चूक होते, हेही सांगितले. मग १८७४ च्या यादीतील त्या सहा ओळी त्याच्यापुढे ठेवल्या. त्याचे आडनाव पाडवी. पहिल्या ओळीवर त्याने बराच वेळ बोट ठेवले. मग "उतरवून घेऊ का?" म्हणून विचारले आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्या सहा ओळी इंग्रजीत आणि मराठीत लिहून घेतल्या.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तो भेटला. घरी जाऊन त्याने ते पान आजोबांना वाचून दाखविले होते. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या बोलीत एवढेच विचारले, "हे आपल्याला ठाऊकच होते. सरकारला कधी कळले म्हणालास?"